तपकिरी वायर

बसा.

भिंतीलगत एक लाकडी स्टूल आहे. त्यावर टेका. पाठ सैल सोडा. खांदे आपोआप खाली येतील, त्यांना येऊ द्या.

समोर एक गाडी उभी आहे. दोघांपुरती, बुटकी, कापडी छताची. तिला हात लावायचा आहे, पण इतक्यात नको. आधी नुसती पाहा.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावाजवळचं हे एक गॅरेज. टेम्स नदी इथून लांब नाही. नोव्हेंबरची सकाळ आहे. विटांना ओल आहे. श्वास सोडला की तोंडापुढे वाफ दिसते.

ती वाफ पाहा. विरू द्या.

गाडी १९७२ सालची एमजीबी. ॲबिंग्डनच्याच कारखान्यात तयार झालेली. हे मॉडेल १९६२ मध्ये आलं, १९८० मध्ये कारखान्याचं दार बंद झालं, आणि तेवढ्या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी रस्त्यावर आल्या. ही त्यांतली एक.

बॉनेटखाली १७९८ सीसीचं इंजिन आहे. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. पांढरी सरकारी ॲम्बॅसिडर सुरू होताना तुम्ही कधी ऐकली असेल, तर या गाडीचा आवाज तुम्हाला अगदीच परका वाटणार नाही.

आत्ता मात्र आवाज नाही.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

गाडीचं दुखणं साधं आहे. ती चालते तेव्हा छान चालते. मग चार-पाच दिवस उभी राहते, आणि सेल्फ उचलत नाही. बॅटरी उतरलेली असते.

चार्जिंग केलं की पुन्हा ठणठणीत. पुन्हा चार-पाच दिवस. पुन्हा मुकी.

बॅटरीवर संशय घेऊन झाला आहे. तिला गाडीपासून सोडवून आठवडाभर फळीवर ठेवलं, तर तिचे व्होल्ट जागचे हलले नाहीत. बॅटरी निर्दोष आहे.

म्हणजे चावी काढल्यावर, दारं लावल्यावर, सगळे निघून गेल्यावरही या गाडीत काहीतरी जागं राहतं. थोडा थोडा करंट खात राहतं.

आज ते शोधायचं आहे. आणि शोधायचं म्हणजे आज मुख्यतः थांबायचं आहे.

जाणती माणसं यावर एक झटपट उपाय सांगतात. बॅटरीच्या टोकाला कट-ऑफ स्विच बसवा, गाडी लावली की फिरवून ठेवा. स्विच चांगलाच असतो, जुन्या वायरिंगच्या गाडीत आगीपासूनही वाचवतो. तो जरूर बसवावा. पण नंतर. गळती तशीच ठेवून बसवला, तर गाडी जे सांगू पाहते आहे ते ऐकू येणंच बंद होतं.

म्हणून आधी ऐकू या.

उठा. गाडीत बसा. सीट खूप खाली आहे, पाय लांब पसरावे लागतात. स्टिअरिंगवर हात ठेवा. थंड आहे. हात तिथेच राहू द्या.

चावी एक घर फिरवा. इंजिन सुरू करू नका.

ऐका.

मागून कुठूनतरी टक्-टक्-टक् असा आवाज येतो. तो पेट्रोलचा विजेवरचा पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरेपर्यंत तो वाजतो. मग आवाज विरळ होतो. टक्. टक्. आणि थांबतो.

तो थांबला, त्या क्षणापाशी राहा.

चावी परत फिरवा. काढून खिशात ठेवा.

आता गाडी पूर्ण बंद आहे. निदान आपल्याला तसं वाटतं आहे. डोळे मिटा. काही गुणगुणतं आहे का? काही नाही. छपरावरून पाण्याचा एक थेंब बाहेर पडतो, तेवढंच.

जे शोधायचं आहे त्याला आवाज नाही.

बाहेर या. छत मागे घडी करून ठेवा, म्हणजे सीटच्या मागे हात पोचेल.

बोटातली अंगठी काढा. घड्याळ काढा. हातात कडं असेल तर तेही. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण अंगठी एकाच वेळी पान्याला आणि पत्र्याला टेकली, तर धातू क्षणात लालभडक होतो. या वस्तू फळीवर एका रांगेत ठेवा. सावकाश. मोकळे हात जरा पाहा.

सीटच्या मागचा गालिचा उचला. खाली पत्र्याचं झाकण आहे, पाव फेऱ्यात सुटणाऱ्या स्क्रूंचं. ते बाजूला करा.

खोबणीत दोन बॅटऱ्या आहेत. ६-६ व्होल्टच्या, एकीला दुसरी जोडलेली, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या दोन बाजूंना एकेक. १९७४ नंतरच्या गाड्यांत इथे १२ व्होल्टची एकच आली. या गाडीत अजून दोन आहेत.

इथे वाकून पाहावं लागतं. वाका. ॲसिडचा किंचित आंबूस वास येतो. जुन्या रबराचा येतो. रस्त्याच्या मातीचाही.

वासापाशी थोडं राहा.

मल्टिमीटरची दोन टोकं बॅटऱ्यांच्या या जोडीला लावून आधी व्होल्ट पाहा. काल रात्री चार्जर काढल्यावर, बॅटरी जरा निवल्यावर, १२.७ होते. आत्ता १२.५ आहेत. भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या वर असायला हवं. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी.

फरक लहान आहे. रात्रही एकच झाली आहे.

आता पाना घ्या. अर्थची वायर सोडवा. निगेटिव्ह टोकावरची, जी पुढे गाडीच्या पत्र्याला जाते ती. नट ढिला होताना बोटांना कळतो. वायर अलगद वर उचला.

मीटर १० अँपिअरच्या खाचेवर घ्या. एक टोक बॅटरीला चिमट्याने लावा, दुसरं त्या सुटलेल्या वायरीला. आता बॅटरीतून गाडीत जे काही जाईल, ते मीटरमधूनच जाईल. दुसरी वाट नाही.

दार उघडं राहिलं तर आतला दिवा पेटेल आणि आकडा फसवेल, म्हणून दाराच्या चौकटीतलं छोटं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. आणि एक गोष्ट मनात पक्की करा. मीटर मध्ये असेपर्यंत चावी फिरवायची नाही. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. मीटरचा जीव १० चा आहे.

मीटर सीटच्या पाठीवर टेकवून ठेवा.

पाहा.

०.३१

हात मांडीवर ठेवा. आकड्याकडे पाहा.

०.३१ अँपिअर. चावी खिशात आहे, दिवे बंद आहेत, पंप गप्प आहे, आणि तरीही.

आकड्यापाशी राहा.

या गाडीत रेडिओ नाही. घड्याळ नाही. हल्लीच्या गाड्यांत बंद झाल्यावरही कितीतरी छोटे संगणक जागे असतात. ते एकेक करून झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, आणि नंतरही ०.०२ ते ०.०५ अँपिअर चालूच राहतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. इथे तसं कोणीच नाही. इथे आकडा शून्य असायला हवा, किंवा शून्याला चिकटलेला.

तासाला ०.३१. दिवसाला साडेसात अँपिअर-तासांच्या आसपास. बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरली, तर चार दिवसांत ती निम्मी होते. थंडीत तर निम्म्या बॅटरीवर घट्ट झालेलं तेल हलवून इंजिन फिरवणं फार जड जातं.

त्या मुक्या सकाळी या एवढ्याशा आकड्यातून येतात.

पुन्हा पाहा. ०.३१. मधेच ०.३० होतो. पुन्हा ०.३१.

आता, आकड्यावरून नजर न काढता, आपल्या शरीरात घाई कुठे आहे ते पाहा. बोटांत आहे का? जबड्यात? एखादी वायर ओढून बघावी, असं हाताला वाटतं आहे का?

त्या हाताला राहू द्या. काही करायला सांगू नका.

इथे आणखी एक ओढ येते. या गळतीत आपल्याच थकव्याची गोष्ट दिसू लागते, आणि मन गाडी सोडून स्वतःकडे वळतं. वळू देऊ नका. ही गाडी पन्नासहून अधिक वर्षं जगली आहे. तिला आज पूर्ण लक्ष मिळू द्या. गाडीपाशी राहा.

एक श्वास घ्या. सोडा.

उठा. गाडीच्या कडेने पुढे चाला.

बॉनेट उघडा, टेकू लावा. फ्यूजबॉक्स उजव्या हाताच्या पत्र्यावर आहे. लहान आहे, झाकण निघतं. आत चार फ्यूज.

चारच.

नीट पाहा. प्रत्येक फ्यूज म्हणजे काचेची बारीक नळी. दोन टोकांना धातूच्या टोप्या, आणि काचेतून आरपार दिसणारी एक नाजूक तार. टोप्या धरणाऱ्या पट्ट्यांवर हिरवट गंज आहे. एका नळीतली तार मधोमध थोडी झुकली आहे, पण तुटलेली नाही.

त्या झुकलेल्या तारेकडे पाहा.

पहिला फ्यूज काढा. हा एका बाजूच्या पार्किंगच्या दिव्यांचा. काचेची नळी तळहातावर ठेवा. वजन जवळजवळ नाहीच.

आता मीटरकडे जायचं आहे. बॉनेट उघडं असल्यामुळे पुढून मीटर दिसत नाही. गाडीला वळसा घालून चालत जावं लागतं. धावू नका. आठ-दहा पावलं आहेत. बुटाखाली काँक्रीट कसं लागतं ते पाहत जा.

पाहा. ०.३१.

परत या. फ्यूज जागेवर बसवा. कट्.

दुसरा. दुसऱ्या बाजूच्या दिव्यांचा. काढा. चाला.

०.३१.

परत या. बसवा.

तिसऱ्याला हिरव्या वायरी आहेत. वायपर, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर. चावी काढली की हा फ्यूज मेलेलाच असतो. इथे रेंगाळायचं कारण नाही. तरी काढा, चाला, पाहा, बसवा. आपल्याला ठाऊक आहे म्हणून सोडून दिलं, असं आज काही नको.

चौथ्याशी थांबा.

याच्या वायरी जांभळ्या आहेत. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगला रंगांची एक ठरलेली रीत होती, आणि मला ती रीत फार माणुसकीची वाटते. कोणीतरी कारखान्यात बसून विचार केला, की पुढे कधीतरी कोणी अंधारात हात घालेल आणि त्याला कळलं पाहिजे. म्हणून पार्किंगच्या दिव्यांना लाल. मोठ्या दिव्यांना निळा. चावी फिरवल्यावर जिवंत होतो तो पांढरा, आणि तोच फ्यूजमधून पुढे गेला की हिरवा. अर्थला काळा.

आणि जांभळा म्हणजे फ्यूजमागचा, पण कायम जिवंत. चावी असो-नसो. हॉर्न, आतला दिवा, डिकीतला दिवा.

डिकीचा दिवा मनात येतो. झाकण बंद असतं, बटण अडकलेलं असतं, आणि आत दिवा जळत राहतो. बाहेरून कळत नाही. अशा कितीतरी शोधांचा शेवट तिथे होतो.

मनात एक खात्री उगवते आहे. तिच्याकडे पाहा. गोड वाटते. चोर सापडल्याचा आनंद आधीच छातीत येऊन बसतो.

असा ६ वॅटचा दिवा जळत असता, तर आकडा अर्ध्या अँपिअरच्या आसपास असता. आपला त्याहून कमी आहे. हे ध्यानात असू द्या. निकाल मात्र देऊ नका.

जांभळा फ्यूज काढा. मुठीत धरा.

चाला.

०.३१.

जरा थांबा इथे.

निराशा येते ती पोटातून येते. येऊ द्या. आकडा तोच आहे. तो आपल्याला हवा तसा बदलत नाही, आणि त्याच्यावर विसंबता येतं ते यामुळेच.

परत जा. या वेळी जांभळा बसवू नका. उरलेले तिन्हीही काढा. चार नळ्या फडक्यावर ओळीने ठेवा. काच काचेला लागून किणकिण होते.

आता फ्यूजबॉक्स रिकामा आहे. आठ पट्ट्या, मध्ये नुसती हवा. दिवे तुटले, हॉर्न तुटला, वायपर तुटला. या गाडीत जे जे फ्यूजच्या मागे होतं, ते सगळं वेगळं झालं.

चाला. सावकाश.

०.३१.

आता काहीच करू नका.

स्टूल ओढून घ्या. मीटरपाशी बसा.

सगळं काढून झालं आहे, आणि आकडा हललेला नाही. इथे माणसं मीटरवर संशय घेतात. चिमटा नीट बसला नाही म्हणतात. सगळी वायरिंग बदलून टाकू म्हणतात. काही जण गाडी विकायला काढतात.

आपण बसू.

या जागेवर पोचल्यावर डोक्यात जी शांतता पसरते, ती रिकामी नाही. आकडा एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो आहे. चार फ्यूज काढल्याने त्याला काही फरक पडला नाही, म्हणजे तो त्या चौघांतून जातच नव्हता. तो अशा वाटेने जातो आहे, जिथे फ्यूजच नाही.

श्वास घ्या.

फ्यूज नसलेली वाट कोणती?

उत्तर शोधू नका. वायरींकडे पाहा. त्या रंगांत लिहिलेलं आहे.

पुढे चाला. इंजिनाच्या उजव्या बाजूला, खाली, सेल्फची मोटर आहे. तिथे बॅटरीकडून आलेली जाड केबल पोचते. आणि तिथूनच काही वायरी फुटतात.

तपकिरी.

तपकिरी म्हणजे सरळ बॅटरीचा करंट. चावी नाही, खटका नाही, फ्यूज नाही. त्या काळी ही वायर अशीच ठेवत. दिवसरात्र जिवंत.

एका तपकिरी वायरीवर नजर ठेवा. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या जुडग्यातून ती निघते. तेलाने तिचा रंग मळला आहे. बोटाने पुसा, अलगद. खालून मातीचा, तांबूस-तपकिरी रंग वर येतो. पन्नास वर्षांपूर्वीचा.

या वायरीपाशी राहा.

तिच्या फांद्या थोड्याच आहेत. एक फ्यूजबॉक्सला, ती आपण पाहिली. एक चावीच्या खटक्याकडे. एक दिव्यांच्या खटक्याकडे. आणि सगळ्यांत जाड वायर पुढे जाते, इंजिनाच्या उजव्या अंगाने, अल्टरनेटरकडे.

नजर तिच्यासोबत पुढे जाऊ द्या. ओढू नका. ती जिथे जाईल तिथे जा.

आता हात.

दोन्ही तळवे एकमेकांवर घासा. ऊब आली की थांबा. गारठलेल्या हाताला थोडासा फरक कळत नाही.

इंजिनाच्या वरच्या झाकणावर तळवा ठेवा. थंड. खरंच थंड, रात्रभर साठलेली थंडी. रेडिएटरला हात लावा. थंड. कार्ब्युरेटरची वाटी. थंड, आणि दवाने ओलसर.

रात्री या गाडीतलं काहीही चाललेलं नाही. सगळ्या धातूने गॅरेजची थंडी घेतली आहे.

आता अल्टरनेटरचा पुढचा भाग, पंख्याजवळचा. थंड.

हात मागे सरकवा. हळू. जिथे तपकिरी वायर आत शिरते, त्या मागच्या टोकाला.

थांबा.

हात उचलू नका. डोळे मिटा.

इथे थंडी जरा कमी आहे का? पालथा हात लावून पाहा. कातडी तिथे पातळ असते. पुन्हा पुढचा भाग. पुन्हा मागचा. पुढचा. मागचा.

मागचं टोक किंचित कोमट आहे.

फार नाही. गरम म्हणावं असं तर मुळीच नाही. १२ व्होल्ट आणि ०.३१ अँपिअर, म्हणजे चार वॅटहूनही कमी. तेवढ्याने ॲल्युमिनियमचा हा गोळा कितीसा तापणार. पण बाकी सगळी गाडी थंडगार असताना इथे, दोन बोटांच्या जागेत, काहीतरी रात्रभर जागं आहे.

त्या उबेपाशी राहा. घाई नाही.

सापडलं, असं म्हणायची ओढ होईल. अजून एकदा मीटरला विचारायचं आहे.

अल्टरनेटरच्या मागे प्लास्टिकचा प्लग आहे, तारेच्या क्लिपने धरलेला. क्लिप बाजूला करा. प्लगची बूड धरा, वायर धरू नका. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं. डावीकडे-उजवीकडे किंचित हलवत सरळ मागे घ्या.

सुटला.

चाला. आठ-दहा पावलं. काँक्रीट.

०.००

पाहत राहा.

आकडा तसाच आहे. गाडी झोपली.

आत काय झालं आहे, ते समजून घेऊ या. अल्टरनेटर जी वीज करतो ती पुढे-मागे हेलकावे खाणारी असते. बॅटरीला एकाच दिशेची लागते. म्हणून त्याच्या मागच्या टोकाला सहा मुख्य डायोड असतात. डायोड करंटला एका दिशेने जाऊ देतो, उलटा येऊ देत नाही. इंजिन बंद झालं की तेच डायोड आणखी एक काम करतात. बॅटरीतला करंट अल्टरनेटरमध्ये परत शिरू देत नाहीत.

त्यांतला एक आता पुरता अडवत नाही.

तो पूर्ण गेला असता, तर चावी काढल्यावरही डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटलेला दिसला असता आणि कोणालाही कळलं असतं. हा गेलेला नाही. माठाला तडा नसतो, भोक नसतं, तरी सकाळी खालची फरशी ओली असते. हा तसा पाझरतो. गाडी चालताना चार्जिंग होत राहतं, लाल दिवा विझलेला असतो, आणि म्हणून इकडे कोणाचं लक्षच जात नाही.

प्लग बाहेर ठेवून फ्यूज एकेक करून परत बसवा. पहिला. दुसरा. हिरवा. जांभळा. प्रत्येक बसवल्यावर मीटरपर्यंत चाला. एकाच वेळी दोन ठिकाणी गळती असू शकते, आणि पहिली सापडल्याच्या आनंदात दुसरी निसटते.

०.००. ०.००. ०.००.

जांभळ्यानंतरही ०.००.

मोठा श्वास घ्या.

पुढचं काम कामासारखं आहे, तिथे फार थांबायला नको. अल्टरनेटर उतरवायचा, मागचं झाकण काढायचं. डायोडचा सगळा संच एकत्र निघतो. त्याला आतल्या वेटोळ्यांच्या तीन वायरी डाख देऊन जोडलेल्या असतात. जुना डाख वितळवून त्या सोडवायच्या, नवा संच ठेवून पुन्हा डाख द्यायचा. सोल्डरिंग आयर्न तिथे फार वेळ टेकवायचा नाही. उष्णतेने नवा डायोडच दुखावतो. अख्खा नवा अल्टरनेटरही मिळतो, आणि घाईत असेल त्याने तो जरूर घ्यावा. पण बेअरिंग चांगली असतील, ब्रश उरले असतील, तर एका पाझरत्या डायोडसाठी धडधाकट यंत्र टाकून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

डाख वितळतो तो क्षण मात्र पाहा. करडा, मळका थेंब एकाएकी आरशासारखा चकाकतो. मग आयर्न उचलला की पुन्हा मंद होत थिजतो. तेवढा वेळ श्वास आपोआप थांबतो.

संच बसला. झाकण लागलं. अल्टरनेटर जागेवर. पट्टा चढवा. मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. फार ताणलात तर बेअरिंग रडते.

प्लग आत सारा. क्लिप बसते तो आवाज ऐका.

मीटर अजून तसाच लावलेला आहे. तपकिरी वायर पुन्हा जोडलेली आहे, दिवसरात्र जिवंत. आकडा पाहा.

०.००

आता मीटर काढा. अर्थची वायर बॅटरीवर चढवा, नट आवळा. दाराच्या बटणावरची चिकटपट्टी सोडवा. गॅरेजचं दार सताड उघडा.

खिशातून चावी काढा. एक घर. पंप टक्-टक् करतो, थांबतो. चोक ओढा. फिरवा.

इंजिन उचलतं. पहिले काही क्षण अडखळतं, मग एका लयीत येतं, आणि गॅरेजच्या विटा त्या आवाजाने भरून जातात. थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि बॅटरीवर मीटर लावा, या वेळी व्होल्टवर. १४.२. म्हणजे चार्जिंग होतं आहे.

बॉनेट लावा. अंगठी, घड्याळ फळीवरून उचला. गाडी बाहेर काढा, नदीवरच्या पुलापर्यंत एक फेरी मारा, इंजिन नीट तापू द्या. छत उघडंच असू द्या, थंडी सोसते.

आल्यावर इंजिन बंद करून बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीनचा हात फिरवायचा आहे, आणि मग पत्र्याचं झाकण. स्क्रू पाव फेराच फिरतात. गालिचा अंथरण्याआधी खालची माती झटका.